‘किती टेस्लाचे?’ या प्रश्नापलीकडचा एमआरआय

आमच्याकडे गोव्यात कोणाला एमआरआय करायला सांगितले, की घरातला एखादा जाणता माणूस हमखास विचारतो, ‘मशीन किती टेस्लाचे आहे?’ निदान केंद्रांच्या पाट्यांवरही हा आकडा ठळक असतो आणि ‘३ टेस्ला’ वाचले की १.५ टेस्लावाला दुय्यम ठरतो. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक आहे, त्यामुळे प्रश्न अस्थानी नाही. परंतु गेल्या पन्नास वर्षांत हे यंत्र सुधारले ते मुख्यतः चुंबक मोठा होत गेल्यामुळे नव्हे. रुग्णाला आत निश्चल पडून राहावे लागण्याचा काळ कसा कमी करता येईल, या एका अडचणीशी संशोधक झगडत राहिले आणि त्या झगड्यातून बहुतेक सुधारणा निघाल्या, असे माझे मत आहे.

या मतामागे थोडा स्वानुभव आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी आईच्या कंबरेचा एमआरआय करायचा होता. बांगड्या, मंगळसूत्र, अंबाड्यातल्या पिना असे सगळे काढून झाले, तरी पोलक्याला आतून लावलेली एक सेफ्टीपिन राहिलीच होती. ती तंत्रज्ञ मुलीच्या दुसऱ्या विचारण्यानंतर निघाली. ‘आजी, वीस मिनिटे हलायचे नाही हां, काही वाटले तर हा फुगा दाबा,’ असे सांगून तिने आईच्या हातात रबरी फुगा दिला आणि कानांवर जाडजूड हेडफोन चढवले. पंधराव्या मिनिटाला आईला पावसाळी खोकल्याची उबळ आली. तेवढ्याने चार मिनिटांचा एक संपूर्ण भाग पुसट झाला आणि तो पुन्हा घ्यावा लागला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘आत कोणीतरी सुतारकाम करत होते.’ तो खोकला, ती चार मिनिटे आणि ते सुतारकाम या तिन्ही गोष्टींचा उलगडा यंत्राच्या रचनेतच सापडतो.

शरीरात पाणी आणि चरबी विपुल असते आणि दोहोंत हायड्रोजन असतो. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन, आणि तो इवल्याशा लोहचुंबकासारखा वागतो. एरवी या चुंबकांची तोंडे दाही दिशांना असतात. बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवले, की त्यांच्यात किंचितशी शिस्त येते, पण ती अगदीच किंचित. १.५ टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजारपट क्षेत्रातसुद्धा, दर दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाच प्रोटॉनांचे पारडे एका बाजूला झुकते. एमआरआयची सगळी मदार या पाचांवर असते. यंत्रातून मिळणारा संकेत इतका क्षीण का असतो आणि तो गोळा करायला वेळ का लागतो, हे यावरून लक्षात यावे.

मंदावत चाललेला भोवरा जसा स्वतःभोवती फिरता फिरता डोलतो, तसे हे प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेभोवती डोलतात. त्या डोलण्याची गती ठरलेली आहे : प्रत्येक टेस्लामागे सेकंदाला ४ कोटी २५ लाखांहून अधिक फेरे. १.५ टेस्लाला हा हिशेब ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास जातो, म्हणजे आपल्या एफएम केंद्रांच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याखाली थोडासा. नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली, तर प्रोटॉन तिच्यातली ऊर्जा घेतात, आडवे होतात आणि पूर्ववत होताना स्वतःच एक मंद रेडिओसंकेत देतात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. हा संकेत बाहेरच्या रेडिओच्या गोंगाटात हरवू नये, म्हणून एमआरआयच्या खोलीला चारी बाजूंनी तांब्यासारख्या धातूचे अस्तर असते. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल या दोघांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे हा परिणाम द्रव आणि घन पदार्थांत दाखवला, आणि त्याबद्दल त्यांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या डोक्यात वैद्यक मुळीच नव्हते. पुढची पंचवीस वर्षे हे तंत्र प्रामुख्याने रसायनशास्त्रज्ञांच्या नळ्यांपुरतेच राहिले.

१९७१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर रेमंड डॅमेडियन यांनी उंदरांच्या गाठी तपासून दाखवले, की कर्करोगाच्या पेशींतले प्रोटॉन निरोगी पेशींतल्यांपेक्षा सावकाश पूर्वस्थितीला येतात. हे ‘पूर्वस्थितीला येणे’ फार महत्त्वाचे आहे. चरबीला त्यासाठी पाव सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो, तर मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाला काही सेकंद लागतात. एमआरआयच्या चित्रातला काळा-पांढरा भेद प्रामुख्याने या वेळांच्या फरकातून येतो. मऊ अवयवांच्या बाबतीत क्ष-किरणांना तो जमत नाही, कारण स्नायू, मणक्यांमधली चकती आणि मज्जातंतू क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात.

प्रश्न उरला तो जागेचा. सगळ्या शरीरातले प्रोटॉन एकाच सुरात बोलत असतील, तर कोणता आवाज यकृताचा आणि कोणता मणक्याचा हे ओळखणार कसे? पॉल लॉटरबर यांनी १९७१ साली सुचलेले आणि १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर आश्चर्यकारक सोपे होते. त्यापूर्वी क्षेत्र सगळीकडे एकसारखे असावे म्हणून शास्त्रज्ञ जिवाचा आटापिटा करत. लॉटरबर यांनी ते मुद्दाम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित चढते केले. भजनाच्या बैठकीत डावीकडून उजवीकडे बसलेल्या प्रत्येकाला पेटीच्या चढत्या पट्टीत ‘आ’कार लावायला सांगितला, तर डोळे मिटून बसलेल्या जाणकारालाही सुरावरून गाणाऱ्याची जागा सांगता येईल. तसेच हे झाले. या चढाला ग्रेडियंट म्हणतात आणि तो मुख्य चुंबकाच्या आत बसवलेल्या वेगळ्या वेटोळ्यांतून निर्माण करतात. ‘नेचर’ने हा लेख प्रथम नाकारला होता. त्यातील चित्र पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे होते. पुढे लॉटरबर यांच्या मुलीने किनाऱ्यावरून वेचून आणलेला, जेमतेम चार मिलिमीटरचा एक जिवंत शिंपला त्यांनी त्याच पद्धतीने टिपला. आपल्याकडे तिसऱ्यांचे सुके ज्या प्राण्याचे करतात त्याच्याच जातकुळीतल्या एका जिवाने एमआरआयच्या इतिहासात असा मान मिळवला आहे, ही गोष्ट गोव्यात फारशी कोणी सांगत नाही.

एकत्र मिसळलेल्या आवाजातून सूर वेगळे काढायचे गणित फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उष्णतेच्या अभ्यासासाठी मांडले होते. एमआरआयला ते कसे लावायचे, हे झ्युरिकमध्ये १९७५ साली अनिल कुमार, डिटर वेल्टी आणि रिचर्ड एर्न्स्ट यांनी दाखवले. यांतले अनिल कुमार पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या चमूने १९८० मध्ये त्याच पद्धतीला रुग्णांसाठी वापरता येईल असे पक्के रूप दिले, आणि आजच्या बहुतेक यंत्रांचे मूळ तिथे आहे.

डॅमेडियन यांनी मात्र वेगळा रस्ता धरला. ३ जुलै १९७७ रोजी त्यांनी माणसाच्या छातीचे पहिले चित्र घेतले. आधी ते स्वतःच यंत्रात बसले होते, पण काही संकेत मिळाला नाही आणि अंगाचा घेर हे कारण निघाल्याने एका सडपातळ विद्यार्थ्याला बसवावे लागले. एकेक ठिपका टिपत पुढे जाण्याच्या त्यांच्या पद्धतीला त्या एका चित्रासाठी जवळपास पाच तास लागले. २००३ चे वैद्यकाचे नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले, तेव्हा डॅमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. त्यांच्या नाराजीत तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. पण रोगी पेशी वेगळी आहे हे सांगणे आणि ती कुठे आहे हे दाखवणे यांत अंतर आहे, आणि चित्र बनते ते दुसऱ्या गोष्टीने.

आता इतकी मिनिटे का लागतात, याचा हिशेब पाहू. समजा चित्रासाठी माहितीच्या २५६ ओळी लागतात. जुन्या पद्धतीत एकदा रेडिओलहर सोडली की एकच ओळ मिळते आणि प्रोटॉन पूर्वस्थितीला येईपर्यंत, समजा दोन सेकंद, थांबून मग पुढची ओळ घ्यावी लागते. २५६ गुणिले दोन म्हणजे ५१२ सेकंद, साडेआठ मिनिटे. शिवाय प्रत्येक ओळीत शरीराच्या त्या संपूर्ण छेदाची थोडीथोडी माहिती मिसळलेली असते. म्हणून मधल्या एका खोकल्याने चित्राचा एक कोपरा बिघडत नाही, त्याचे व्रण चित्रभर उमटतात. आईच्या खोकल्याने घडले ते हेच.

ही वाट पाहणे टाळण्याच्या तीन युक्त्या अवघ्या दहा वर्षांत निघाल्या. पहिली गॉटिंगेनची. तिथे १९८५ मध्ये येन्स फ्राम, आक्सेल हासे आणि सहकाऱ्यांनी प्रोटॉनांना पूर्ण आडवे न करता थोडेसेच कलते करायचे ठरवले. विहिरीचा पुरता उपसा केला तर झऱ्यांनी ती पुन्हा भरेपर्यंत बसून राहावे लागते; दोनच कळश्या काढल्या तर लगेच पुन्हा पोहरा सोडता येतो. प्रत्येक वेळी संकेत थोडा कमी मिळतो, पण थांबण्याचा काळ सेकंदांवरून काही मिलिसेकंदांवर येतो, आणि एका श्वासाच्या रोखात पोटाचे चित्र घेणे शक्य होते. दुसरी युक्ती फ्रायबुर्गच्या युर्गेन हेनिग यांची. त्यांनी एका लहरीनंतर मिळणारे प्रतिध्वनी एकामागून एक परतवून प्रत्येकातून वेगळी ओळ मिळवली. एका फेरीत सोळा ओळी मिळाल्या, तर साडेआठ मिनिटांचे काम ३२ सेकंदांवर येते. आज कंबरेचे वा गुडघ्याचे जे चित्र हाती पडते ते बहुधा याच पद्धतीचे असते.

तिसरी युक्ती सर्वांत आधी, १९७७ मध्ये, मॅन्सफील्ड यांनी नॉटिंगहॅमला मांडली होती. एकाच लहरीनंतर ग्रेडियंट विजेच्या वेगाने मागेपुढे करून सगळ्याच ओळी गोळा करायच्या. त्या काळची उपकरणे तिच्या वेगाला पुरी पडेनात, म्हणून ती बरीच वर्षे कागदावरच राहिल्यासारखी होती. क्षेत्र इतक्या झपाट्याने बदलले तर हृदयाची लय बिघडेल, अशी भीतीही व्यक्त झाली होती. १९७८ मध्ये मॅन्सफील्ड यांनी स्वतःच यंत्रात शिरून स्वतःच्या पोटाचे चित्र घेतले. एकाच लहरीत सगळ्या ओळी टिपणाऱ्या त्या पद्धतीने मेंदूचा एक छेद सेकंदाच्या दहाव्या भागात टिपता येतो. पक्षाघातात तिचे मोल विशेष आहे. रक्त अडले की मेंदूतल्या पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल आखडते. ती आखडलेली हालचाल एमआरआय काही मिनिटांतच दाखवू शकतो, तर सीटी स्कॅनवर तो भाग पहिले काही तास जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. मात्र रेणूंची हालचाल मोजायची तर रुग्णाची हालचाल चित्रात मिसळून चालत नाही, म्हणून चित्र निमिषात घ्यावे लागते. पक्षाघाताच्या रुग्णाला काणकोणहून किंवा सत्तरीतून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत, आणण्यात आधीच वेळ गेलेला असतो. त्यानंतर यंत्रात वाचलेली मिनिटे त्याच हिशेबात जमा होतात.

या घाईची किंमत कानांनी मोजावी लागते. ग्रेडियंटच्या वेटोळ्यांतून शेकडो अँपियरचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट धावतो. बलवान क्षेत्रात प्रवाह वाहणाऱ्या तारेवर जोर पडतो हा शाळेतला नियम, त्यामुळे ती वेटोळी घुमट या वाद्याच्या चामड्यासारखी थरथरतात आणि आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. आईने ऐकलेले सुतारकाम ते हेच. आणखी एक कटकट होती. ग्रेडियंट बदलला की भोवतीच्या थंड धातूच्या नळकांड्यात भलतेच प्रवाह उपजत आणि चित्र विकृत करत. मॅन्सफील्ड आणि चॅपमन यांनी १९८६ च्या सुमारास ग्रेडियंटभोवती उलट्या प्रवाहाचे दुसरे वेटोळे गुंडाळून बाहेर जाणारे क्षेत्र तिथल्या तिथे जिरवले. रुग्णाला ही सुधारणा कधीच दिसत नाही, पण ती नसती तर वरच्या वेगवान पद्धतींची चित्रे वापरण्याजोगी झाली नसती.

यानंतरची मोठी झेप कॉइलची. कॉइल म्हणजे शरीराचा मंद संकेत ऐकणारा अँटेना. पूर्वी एकच मोठी कॉइल सगळे अंग ऐके, आणि त्याबरोबर सगळ्या अंगाची खरखरही. देवळात एकच माइक दूर टांगला तर गाण्याबरोबर पंख्याचा आवाजही येतो, पण प्रत्येक गाणाऱ्यापुढे छोटा माइक ठेवला तर स्वर स्वच्छ येतात. पीटर रोमर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये छोट्या कॉइलांची अशी जुळणी केली, की शेजारच्या दोन कॉइला एकमेकींच्या कामात लुडबुड करत नाहीत. आईच्या पाठीखाली असलेल्या गादीसारख्या फळीत अशाच कॉइला ओळीने बसवलेल्या होत्या.

या कॉइलांचा दुसरा उपयोग मला पहिल्यापेक्षाही चतुर वाटतो. माहितीच्या निम्म्या ओळी घेतल्याच नाहीत, तर वेळ निम्मा होतो, पण चित्र घडी घातलेल्या धोतरासारखे स्वतःवरच दुमडते आणि डावे-उजवे एकमेकांवर पडते. मात्र प्रत्येक कॉइल आपल्याजवळचा भाग मोठ्याने आणि लांबचा हळू ऐकते, म्हणून सगळ्या कॉइलांची दुमडलेली चित्रे शेजारी ठेवून ती घडी गणिताने उलगडता येते. क्लास प्रुसमन आणि त्यांच्या झ्युरिकमधील सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे करून दाखवले. २००७ मध्ये मायकेल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी आणखी पुढे जाऊन ओळी वेड्यावाकड्या, यदृच्छेने गाळल्या. मोबाइलमधला फोटो आकाराने लहान करताना बरीच माहिती टाकून देता येते, कारण चित्रात पुनरावृत्ती पुष्कळ असते. जी माहिती नंतर टाकूनच द्यायची ती मुळात गोळाच कशाला करायची, असा त्यांचा सवाल होता.

अलीकडे गाळलेल्या ओळींचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बांधतात. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुक यांनी २०१८ मध्ये त्यासाठी संयुक्त प्रकल्प सुरू केला आणि संशोधकांसाठी कच्ची माहिती खुली केली. चित्रे खरोखर देखणी येतात, आणि माझी शंका त्या देखणेपणाबद्दलच आहे. जुन्या पद्धतीत माहिती अपुरी पडली तर चित्र खरखरीत दिसे आणि डॉक्टर सावध होत; इथे अपुऱ्या माहितीवरचे चित्रही गुळगुळीत दिसू शकते, आणि एखादी बारीक चीर त्या गुळगुळीतपणात बुजू शकते.

चुंबकाकडे वळायचे तर तिथे आकड्यापेक्षा थंडाव्याची कथा अधिक रंजक आहे. नायोबियम-टायटॅनियमच्या तारा अतिशीत अवस्थेत विजेला कसलाही विरोध करत नाहीत, म्हणून एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि चुंबक रात्रीही ‘बंद’ नसतो. त्यासाठी तारा उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवतात, आणि जुन्या यंत्रांत हा हेलियम दीड-दोन हजार लिटर असे. तो सतत उडून जाई आणि पुन्हा भरावा लागे. भारतात लागणारा हेलियम जवळजवळ सगळा आयात होतो. उडालेली वाफ तिथल्या तिथे पुन्हा द्रव करणारा शीतक हवा होता, पण इतक्या थंडीत शिशासारखे नेहमीचे पदार्थ उष्णता साठवेनासे होतात. १९९० च्या आसपास जपानी संशोधकांनी एर्बियम आणि निकेलच्या संयुगाने ती अडचण सोडवली. एमआरआयच्या खोलीत स्कॅन चालू नसतानाही पाखरू चिवचिवल्यासारखा जो ठेका ऐकू येतो, तो या शीतकाचा. तो बराच काळ बंद पडला, तर हेलियम तापून सातशेपटींहून अधिक पसरतो आणि छपरावरच्या नळीतून निघून जातो; म्हणून वादळी पावसात वीज गेली की केंद्रचालकाचे लक्ष आधी या शीतकाकडे जाते. २०१८ मध्ये फिलिप्सने जेमतेम सात लिटर हेलियम कायमचा सीलबंद केलेला १.५ टेस्लाचा चुंबक बाजारात आणला. सीमेन्सच्या ०.५५ टेस्लाच्या एका यंत्रात तर एक लिटरही नसतो, आणि त्यामुळे छपरावरच्या नळीचीही गरज उरत नाही.

आता त्या पाटीवरच्या आकड्याकडे येऊ. ३ टेस्लाला संकेत १.५ टेस्लाच्या जवळपास दुप्पट मिळतो, आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या किंवा अपस्माराचे सूक्ष्म केंद्र शोधताना तो खरोखर उपयोगी पडतो. पण त्याबरोबर रेडिओलहरींनी शरीरात जिरणारी उष्णता साधारण चौपट होते आणि धातूच्या पट्टीभोवतीचे चित्र अधिक विस्कटते. मोडलेल्या मांडीत सळी बसवलेल्या माणसाला मोठा आकडा शोधत फिरण्यात फायदा नाही. कंबरेच्या चकतीसाठी चांगली कॉइल आणि अनुभवी तंत्रज्ञ असलेले १.५ टेस्लाचे यंत्र पुरेसे असते. पॅरिसजवळ ११.७ टेस्लाचा १३२ टन वजनाचा चुंबक बसवलेला आहे आणि त्याने घेतलेली माणसाच्या मेंदूची चित्रे २०२४ मध्ये दाखवली गेली, पण ते संशोधनाचे यंत्र आहे.

नेमक्या उलट टोकाला, २०२० मध्ये अमेरिकेत ०.०६४ टेस्लाच्या एका चाकांवरच्या यंत्राला मान्यता मिळाली. त्यात कायमचे लोहचुंबक आहेत, हेलियम नाही. ते भिंतीतल्या साध्या प्लगवर चालते आणि अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेशी ढकलत नेता येते. त्याची चित्रे धूसर असतात, आणि ती वाचण्याजोगी करायला वर सांगितलेले सगळे गणित लागते. बारीक गाठ त्यात हुकू शकते. मात्र कृत्रिम श्वासाच्या नळ्या लावलेल्या रुग्णाला लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर न हलवता त्याच्या मेंदूत मोठा रक्तस्राव आहे की नाही, हे ते खाटेपाशीच दाखवू शकते.